बाहुलीच्या रात्री स्टेडियम का भरतं?

२८ ऑगस्ट २०२४ हा साधा बुधवार होता. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर यजमान डॉजर्सची गाठ बाल्टिमोर ओरिओल्सशी होती. बेसबॉलच्या सहा महिन्यांच्या हंगामात असे बुधवार ढिगाने येतात. तरीही त्या दिवशी दरवाजे उघडायच्या कितीतरी आधीपासून रांगा लागल्या होत्या. उन्हात उभ्या असलेल्या त्या मंडळींना हवी होती एक वीतभर उंचीची, मान डोलावणारी बाहुली: डॉजर्सचा जपानी स्टार शोहेई ओहतानी आणि त्याने हातात धरलेला त्याचा लाडका कुत्रा डेकोपिन.

सामन्याआधी मानाचा पहिला चेंडू टाकायची बेसबॉलमध्ये जुनी प्रथा आहे. त्या संध्याकाळी हा मान डेकोपिनला मिळाला. चेंडू पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, उंचवट्यावर ठेवला होता, ओहतानी फलंदाजाच्या जागी, होम प्लेटपाशी, उकिडवा बसला होता, आणि कुत्र्याने चेंडू तोंडात धरून त्याच्याकडे धाव घेतली. मग खेळ सुरू झाला आणि पहिल्याच डावात ओहतानीने होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) ठोकला. स्टेडियममध्ये ५३ हजारांवर माणसं होती. बाहुल्या मात्र ४० हजारच होत्या.

इथे दोन प्रश्न पडतात. तिकीट, पार्किंग, खाणं-पिणं असा सगळा खर्च करून माणसं एका फुकटच्या बाहुलीसाठी तासन् तास का उभी राहतात? आणि ज्या संघाने ओहतानीशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला आहे, त्याला लोक गोळा करायला बाहुल्या कशाला वाटाव्या लागतात? दोन्हींची उत्तरं बेसबॉलच्या वेळापत्रकात आहेत.

८१ संध्याकाळी भरायच्या आहेत

आयपीएलमध्ये एका संघाचे घरच्या मैदानावर साखळीचे साधारण सात सामने होतात. अमेरिकन फुटबॉलचा संघ साखळीत एकूण सतराच सामने खेळतो. मेजर लीग बेसबॉलचे ३० संघ मात्र प्रत्येकी १६२ सामने खेळतात, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत आठवड्यातले बहुतेक दिवस खेळ चालूच असतो. मुंबईत सात सामन्यांची तिकिटं हातोहात जातात. ८१ सामन्यांची, तीही दर वेळी चाळीस-पन्नास हजार, विकायची म्हणजे वेगळं काम आहे. आज नाही गेलं तर उद्या जाऊ, उद्या नाही तर परवा, असं प्रेक्षकाला नेहमीच म्हणता येतं.

संघाला मात्र उद्याची सोय नसते. एसटी स्टँडवरून सुटली की तिच्यातल्या रिकाम्या सीटचं भाडं कायमचं बुडतं, डिझेल आणि ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार मात्र तेवढाच लागतो. स्टेडियममधली खुर्ची अशीच आहे. दिवे लावायचे असतात, सुरक्षारक्षक नेमायचे असतात, खेळाडूंचं मानधन ठरलेलं असतं. खुर्ची भरली काय आणि रिकामी राहिली काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो कमाईत. आलेला माणूस तिकिटाबरोबर पार्किंगचे पैसे देतो, हॉट डॉग खातो, बिअर पितो, पोराला टोपी घेऊन देतो.

म्हणून ८१ सारख्या संध्याकाळींपैकी काहींना वेगळं नाव आणि वेगळा चेहरा द्यायचा, म्हणजे माणूस "परवा जाऊ" म्हणणार नाही. अमेरिकेत यालाच 'थीम नाइट' म्हणतात. कधी बाहुली, कधी फटाके, कधी 'स्टार वॉर्स'च्या वेशात आलेले प्रेक्षक, कधी आपापल्या कुत्र्यांना घेऊन सामना बघायची मुभा. युक्ती साधी आहे, पण ती बेतण्यात बरंच डोकं लागतं.

रात्री सामने होऊ लागल्यावरच या युक्तीला खरी जागा मिळाली. त्याआधी मेजर लीगचे सामने दिवसाउजेडी होत आणि कामावर असलेल्या माणसाला ते बघताच येत नसत. २४ मे १९३५ रोजी सिनसिनाटीच्या क्रॉस्ली फील्डवर पहिला प्रकाशझोतातला सामना झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबली, मैदानावरचे ६३२ दिवे लागले आणि वीस हजारांवर प्रेक्षकांसमोर यजमान रेड्सनी फिलाडेल्फियाला २-१ असं हरवलं.

जो अर्लीची रात्र

प्रेक्षक खेचण्याच्या या कलेचा मोठा उस्ताद म्हणजे बिल व्हीक. त्याचे वडील शिकागो कब्ज संघाचे अध्यक्ष होते, त्यामुळे तो मैदानातच वाढला. कब्जच्या रिग्ली फील्ड मैदानाच्या भिंतीवरची प्रसिद्ध हिरवी वेल १९३७ मध्ये लागली ती त्याच्याच देखरेखीखाली. दुसऱ्या महायुद्धातल्या दुखापतीने पुढे त्याचा पाय कापावा लागला. लाकडी पाय घेऊन तो स्वस्त तिकिटांच्या बाकांवर बसायचा, आणि आपल्या संघाचं काय चुकतंय हे शेजारच्या प्रेक्षकाला विचारायचा.

१९४८ साली व्हीक क्लीव्हलँड इंडियन्सचा (आजच्या गार्डियन्सचा) मालक होता. तेव्हा जो अर्ली नावाच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने वर्तमानपत्राला पत्र पाठवलं: खेळाडूंचे सत्कार होतात, मालकांचे होतात, रोज पदरचे पैसे मोडून येणाऱ्या साध्या प्रेक्षकाचा सत्कार कधी करणार? व्हीकने ते पत्र मनावर घेतलं. २८ सप्टेंबर १९४८ ची रात्र 'गुड ओल्ड जो अर्ली नाइट' म्हणून जाहीर झाली. हवाईहून विमानाने ऑर्किडची फुलं मागवली आणि आधी येणाऱ्या वीस हजार स्त्रियांना ती वाटली. जो अर्लीला आधी थट्टेच्या भेटी दिल्या, जनावरंसुद्धा दिली, आणि मग खरीखुरी नवी फोर्ड गाडी. साठ हजारांवर लोक आले. त्या हंगामात क्लीव्हलँडने २६ लाखांहून अधिक प्रेक्षक खेचले आणि वर्ल्ड सीरीज ही विजेतेपदाची मालिकाही जिंकली.

व्हीकला एक गोष्ट फार लवकर उमगली होती. आकडेवारी तोंडपाठ असलेला शौकीन येणारच असतो. स्टेडियम भरायचं तर स्कोअरबोर्ड न वाचता येणाऱ्या माणसालाही यायला कारण द्यावं लागतं. शौकिनांना हे आवडत नाही, खेळाची जत्रा केली अशी त्यांची तक्रार व्हीकच्या काळापासून आहे. पण शौकिनांच्याच भरवशावर ८१ संध्याकाळी निघत नाहीत.

मंगळवार का निवडतात?

तारीख निवडणं हा यातला सर्वांत नाजूक भाग. शनिवारी, तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध बाहुली वाटली तर गर्दी होईल, पण ती तशीही होणारच होती. अशी बाहुली वाया गेली असंच हिशेब बघणारा माणूस म्हणेल.

डॉजर्सचा २०१२ चा हंगाम याचं चांगलं उदाहरण आहे. त्या वर्षी त्यांनी घरच्या ८१ पैकी ११ सामन्यांना बॉबलहेड, म्हणजे या डोलत्या मानेच्या बाहुल्या, वाटल्या. त्यातले सहा सामने मंगळवारी होते. शुक्रवारी एकही बाहुली नव्हती, कारण शुक्रवार फटाक्यांसाठी राखलेला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकवणाऱ्या थॉमस मिलर यांनी विद्यार्थ्यांसाठीच्या आपल्या पाठ्यपुस्तकात हीच आकडेवारी घेतली आहे. महिना आणि वार यांचा परिणाम बाजूला काढल्यावर बाहुलीमुळे दर सामन्याला दहा हजारांहून अधिक प्रेक्षक वाढल्याचं त्यांच्या गणितात दिसतं. एरवी ओस पडणाऱ्या मंगळवारी दहा हजार जादा माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी विकत घेतलेलं.

अर्थात यातले सगळेच नवे नसतात. गुरुवारी येणारा माणूस बाहुलीपायी मंगळवारी आला आणि मग गुरुवारी घरी बसला, तर संघाच्या हाती फारसं काही लागत नाही. म्हणून हंगामभराचं वेळापत्रक आखताना अशा तारखा एकमेकींपासून लांब ठेवतात आणि प्रत्येक बाहुली वेगळ्या खेळाडूची काढतात. ज्याला संच पुरा करायचा आहे तो पुन्हा पुन्हा येतो.

आता ५३ हजार माणसांसाठी ४० हजारच बाहुल्या का? सगळ्यांना पुरतील एवढ्या काढल्या असत्या, तर लोक आरामात पहिला डाव संपता संपता आले असते. "पहिल्या ४० हजारांना" म्हटलं की पार्किंग दुपारीच भरायला लागतं. दोन-तीन तास आधी आलेल्या माणसाला भूक लागते, तहान लागते, पोरं दुकानाकडे ओढतात. प्रवेशद्वारावरची झुंबडही एकाच अर्ध्या तासात न होता पसरते. ज्यांना मिळत नाही ते हळहळतात, आणि पुढच्या खेपेला लवकर निघतात.

बाहुलीचा प्रवास

या बाहुल्यांचा आजचा जमाना सुरू झाला तो सॅन फ्रान्सिस्कोत. ९ मे १९९९ रोजी जायंट्सनी कँडलस्टिक पार्कवर आपल्या विली मेज या महान खेळाडूची बाहुली वाटली आणि बाकीच्या संघांनी तो कित्ता गिरवला.

एक बाहुली बनायला कित्येक महिने लागतात. आधी खेळाडूचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतात. मूर्तिकार मातीचा नमुना करतो, संघ आणि खेळाडू त्यात बदल सुचवतात: हनुवटी जास्त रुंद झाली, बॅट धरायची पद्धत अशी नाही. नमुना मंजूर झाला की साचे काढतात, त्यात राळेसारखं रसायन ओततात. ते घट्ट झालं की तुकडे घासतात आणि रंगवतात. भुवया, ओठ, जर्सीवरचा आकडा हे बारीक काम बहुतेक हातानेच होतं. कारखाने मुख्यतः चीनमध्ये आहेत, तिथून खोकी जहाजाने येतात. मोठं डोकं मऊ स्प्रिंगवर बसवलेलं असतं. डोकं जड आणि स्प्रिंग नरम, म्हणून मान थरथरत नाही, सावकाश डोलते.

या महिन्यांच्या अंतरातच धोका असतो. मागणी नोंदवली तेव्हा संघात असलेला खेळाडू माल बंदरात येईपर्यंत दुसऱ्या संघाला दिला गेलेला असू शकतो. खर्चाचं ओझं मात्र संघावर सगळं पडत नाही. बँक, विमा कंपनी किंवा एखादा किराणा ब्रँड प्रायोजक होतो आणि खोक्यावर आपलं नाव छापून घेतो. बाहुली वर्षानुवर्षं कुणाच्या तरी फडताळात राहणार, इतकी टिकाऊ जाहिरात दुसरीकडे मिळणं कठीण.

> चौकट: तिकीट काढण्यापूर्वी
>
> अमेरिकेत राहणाऱ्या किंवा मुलांकडे गेलेल्या वाचकांसाठी थोडी कामाची माहिती. थीम नाइटचे दोन प्रकार असतात. पहिल्यात कुठल्याही तिकिटावर, आधी येणाऱ्या ठरावीक संख्येला भेटवस्तू मिळते. तिकीट स्कॅन झालं की दारातच हातात पडते. दुसऱ्यात त्या कार्यक्रमाचं वेगळं तिकीट असतं, आणि वस्तू फक्त त्या तिकिटावर मिळते. शेजारच्या खुर्चीवरचं साधं तिकीट असेल तर काही मिळत नाही. तेव्हा तिकिटावर कार्यक्रमाचा उल्लेख आहे का ते पाहावं. पिशव्यांबाबत प्रत्येक स्टेडियमचे नियम वेगळे आणि बरेच कडक असतात, ते संघाच्या संकेतस्थळावर वाचून निघावं. पावसाने सामना पुढे गेला तर तिकीट नव्या तारखेला चालतं, फटाके त्या रात्री असतीलच असं नाही.

खेळातल्या फटी

बेसबॉलच्या रचनेतही अशा कार्यक्रमांना जागा आहे. नऊ डाव, प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे भागाभागांमध्ये सतरा वेळा थांबणं आलं. दर खेपेला दोन मिनिटांवर वेळ मिळतो आणि तो भरायला संघ काय काय करतात! मिलवॉकीत माणसं सॉसेजचे भलेमोठे पोशाख घालून शर्यत लावतात. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांची मोठाली डोकी घातलेली पात्रं धावतात. तिथला टेडी रूझवेल्ट वर्षानुवर्षं प्रत्येक शर्यत हरत आला आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी पहिल्यांदा जिंकला, तेव्हा स्टेडियम दणाणून गेलं. लहान मुलांना स्कोअर आठवत नाही, टेडी आठवतो.

२०२३ पासून पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लागलं आणि सामन्याची सरासरी वेळ तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. खेळ आटोपशीर झाला, पण विक्रीचा वेळही घटला. काही संघांनी सातव्या डावानंतर बंद होणारी बिअर आठव्यापर्यंत चालू ठेवली.

छोट्या गावांची मोठी कल्पनाशक्ती

खरी धमाल मात्र मायनर लीगमध्ये असते. मेजर लीगच्या प्रत्येक संघाच्या हाताखाली छोट्या शहरांतले चार संघ असतात, एकूण १२०. या संघांचे खेळाडू वरचा संघ नेमतो, त्यांना पगार तोच देतो आणि हवं तेव्हा उचलून वर नेतो. काल शतक... नव्हे, काल तीन होम रन मारणारा पोरगा आज गावात नसतो. स्थानिक मालकाला खेळाचा दर्जा ठरवताच येत नाही. त्याच्या हातात राहतं ते खाणं, तिकीट आणि कार्यक्रम. म्हणून तिथल्या कल्पना जास्त धीट असतात. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो ग्रिझलीजनी २०१५ मध्ये एका सामन्यापुरतं स्वतःचं नाव 'टाकोज' केलं. त्या टोप्या आणि जर्सी इतक्या खपल्या की ते नाव पुढेही वापरात राहिलं.

सर्वांत अफलातून रात्र साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन रिव्हरडॉग्जची. ८ जुलै २००२ ला त्यांनी 'नोबडी नाइट' जाहीर केली. पाच डाव झाले की सामना अधिकृत धरला जातो, आणि तोपर्यंत प्रेक्षकांना दारं बंद. लोक बाहेर थांबून स्वस्तात खात-पीत राहिले, आत खेळाडू रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळले, उपस्थितीची अधिकृत नोंद झाली शून्य. मग दारं उघडली. देशभर बातमी झाली ती शून्याची. या संघाच्या मालकांपैकी एक होता माइक व्हीक, बिल व्हीकचा मुलगा.

फसलेल्या रात्री

याच माइकच्या नावावर बेसबॉलमधली एक काळी रात्रही आहे. पण आधी क्लीव्हलँड, ४ जून १९७४. एरवी ६५ सेंटला मिळणारी बिअर त्या रात्री दहा सेंटला, एका वेळी सहा ग्लासपर्यंत, आणि कितीदा घ्यायची याला बंधन नाही. २५ हजारांवर लोक आले. आठवडाभरापूर्वी टेक्ससमध्ये क्लीव्हलँड आणि टेक्सस याच दोन संघांची हाणामारी झालेली होती, म्हणजे आग आधीच धुमसत होती. नवव्या डावात ५-५ बरोबरी असताना एका प्रेक्षकाने मैदानात उतरून टेक्ससच्या जेफ बरोजची टोपी हिसकावायचा प्रयत्न केला. टेक्ससचे व्यवस्थापक बिली मार्टिन खेळाडूंना घेऊन बॅटसह धावले, शेकडो प्रेक्षक मैदानात घुसले आणि पंच नेस्टर चायलॅक यांनी सामना टेक्ससला बहाल केला. त्याच हंगामात क्लीव्हलँडने पुन्हा स्वस्त बिअरची रात्र ठेवली, माणशी दोनच ग्लास देऊन. ती शांतपणे पार पडली.

१० ऑगस्ट १९९५ ला डॉजर्सनी भेट म्हणून चेंडूच वाटले. पंचांच्या निर्णयावर चिडलेल्या प्रेक्षकांनी ते मैदानात फेकले आणि डॉजर्सना सामना गमवावा लागला. हातात काय द्यायचं, आणि ते येताना द्यायचं की जाताना, याचा विचार तेव्हापासून जास्त होऊ लागला.

माइकची ती काळी रात्र १२ जुलै १९७९ ची. बिल व्हीक तेव्हा शिकागो व्हाइट सॉक्सचा मालक होता आणि प्रसिद्धीचं काम माइककडे होतं. स्टीव्ह डाल हा रेडिओ निवेदक डिस्को संगीतावर तुटून पडण्यासाठी प्रसिद्ध होता. त्याला हाताशी धरून योजना ठरली: डिस्कोची रेकॉर्ड आणा, ९८ सेंटमध्ये आत या, त्या दिवशीच्या लागोपाठच्या दोन सामन्यांच्या मध्ये सगळ्या रेकॉर्डी स्फोटाने उडवू. स्टेडियम ओसंडून वाहिलं, बाहेरही हजारो थांबले. स्फोटाने गवतात खड्डा पडला, हजारो लोक मैदानात उतरले, दुसरा सामना झालाच नाही आणि तो प्रतिस्पर्धी डेट्रॉइटला दिला गेला.

त्या रात्री स्टेडियममध्ये जागा दाखवायचं काम करणारा एक कृष्णवर्णीय तरुण होता, व्हिन्स लॉरेन्स. पुढे तो शिकागोच्या हाउस या नृत्यसंगीताचा एक जनक ठरला. लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींत डिस्को नसलेल्या पण कृष्णवर्णीय गायकांच्या कितीतरी रेकॉर्डी होत्या, असं त्याने पुढे सांगितलं. डिस्को हे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांच्या क्लबमधून वर आलेलं संगीत होतं. क्लीव्हलँडला चुकला होता बिअरचा हिशेब. शिकागोत कल्पनेच्या मुळातच खोट होती, कारण एका गटाला बोलावण्यासाठी तिने दुसऱ्याच्या आवडीची होळी केली.

निमंत्रण कुणाला?

आजच्या थीम नाइट बहुतेक उलट दिशेने चालतात. जपानी, फिलिपिनो, मेक्सिकन समाजांच्या रात्री असतात, शिक्षकांच्या असतात, परिचारिकांच्या असतात. एखाद्या शाळेच्या गायकवृंदाला राष्ट्रगीतासाठी बोलावलं की साठ मुलांबरोबर त्यांचे आईवडील आणि आजी-आजोबाही तिकीट काढतात. यात धंदा आहेच. पण ज्या मैदानात आपण परके आहोत असं वाटत होतं, तिथे मोठ्या पडद्यावर आपल्या भाषेत स्वागत दिसणं ही त्या कुटुंबासाठी लहान गोष्ट नसते.

आणि म्हणूनच निमंत्रण मागे घेतलं तर ते झोंबतं. डॉजर्सनी जून २०२३ मधल्या आपल्या 'प्राइड नाइट'ला, म्हणजे समलिंगी समाजासाठीच्या रात्रीला, कॅथलिक जोगिणींचा (नन्सचा) वेश करून समाजकार्य करणाऱ्या एका गटाचा सत्कार जाहीर केला, कॅथलिक संघटनांच्या विरोधानंतर तो रद्द केला, आणि समलिंगी समाजातून संताप उसळल्यावर माफी मागून त्या गटाला पुन्हा बोलावलं. सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर निदर्शनं झाली. संघाला एवढी यातायात बाहुल्यांपायी कधी करावी लागत नाही.

खुर्च्या भरण्याचं हे गणित मुंबईत वानखेडेवर उलटं आहे. मुंबई इंडियन्स दर हंगामातला घरचा एक सामना 'एज्युकेशन अँड स्पोर्ट्स फॉर ऑल' या उपक्रमाला देतात. स्वयंसेवी संस्थांतली हजारो मुलं बसगाड्यांनी येतात, निळे टी-शर्ट घालतात, त्यांच्या खाण्याची सोय केलेली असते, आणि त्या दिवशी स्टेडियमचा आवाजच बदलतो. लॉस एंजेलिसला मंगळवारच्या रिकाम्या खुर्च्या भरायच्या असतात. वानखेडेवर त्या मुलांना मिळणारी प्रत्येक खुर्ची एरवी सहज विकली गेली असती.